अवसेला बांधलेले मेंढे

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कळपात अजून तुमचाच हुकूम चालतो. जनावरांची डॉक्टर मी, पण तुमच्या धाकट्या लेकाला माझं काडीचं ऐकायचं नसतं. गेल्या वर्षी त्याच्या मेंढ्या मागंपुढं व्यायल्या आणि चरायला कृष्णाकाठाला उतरताना उशिरा झालेली निम्मी कोकरं वाटेतच गेली. औंदाही तसंच झालं तर कळप विकणार, असं त्यानं सांगून टाकलेलं. म्हणून मी वडूजहून औषधाचे स्पंज आणले आणि एकेका मेंढीच्या योनीत बसवले. मेंढीचा माज जे द्रव्य अंगात रोखून धरतं, तेच त्यात असतं. स्पंज आत आहे तोवर माज अडतो. काढला की सगळ्या बरोबरच माजावर येतात आणि पुढं बरोबरच वितात. हे सगळं त्याला बैजवार समजावलं, दिवस भरल्यावर स्पंज काढले आणि म्हटलं, उद्या मेंढे सोड.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर मेंढे बाभळीला बांधलेले, मेंढ्या जाळीला खेटून शेपट्या हलवतायत आणि हा तंबाखू मळत बसलाय. "आज आवस हाय, आक्का. आबा आवसंला नर सोडत न्हवते. उद्या बघू." उद्या काय बघतोस, कपाळ? माज काय पंचांग बघून थांबतो? शाळेत असताना मी तुम्हाला चुलीपाशी विचारलेलं, मेंढीला अवस कशी कळते? तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "लय शानी झालीस व्हय गं? आवसंचं कोकरू आंधळं निपजतं." जन्मात एकच आंधळं कोकरू बघितलं होतंत तुम्ही, आबा. त्या एकापायी माझ्या डोक्याला हा ताप.

हुज्जत घालून घालून माझं डोकं उठलं. शेवटी म्हटलं, "पहाटे आबा सपनात आलते. म्हनले, आवस-बिवस ऱ्हाऊ दे, सोड मेंढे." तो तंबाखू टाकून उठलाच. "मग आदी का न्हाई सांगितलंस?" म्हणाला आणि डोळे पुसत दावी सोडली. माझ्या एवढ्या शिक्षणाला किंमत नाही, तुमच्या नावानं मारलेल्या थापेला आहे.

मेंढ्या बहुतेक गाभण आहेत. कळप विकायचं तो आता नाव काढत नाही. पण भेटला की विचारतो, आबा कसे दिसत होते, खांद्यावर घोंगडं होतं का. मी काहीतरी सांगत राहते. हा कागद त्याच्या हाती पडता कामा नये. तुम्ही स्वप्नात आला नव्हता, आबा. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. खरा राग मला त्या न येण्याचाच आहे.