दिवेलागणीला गिरिजा

सोलापूर, सोमवार, पौष १९७३

आज पुन्हा दिवे लागले तशी माझी गिरिजा खेळ सोडून पायरीवर बसली. अंधार पडला की तिला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, दुष्काळात नुसती रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, ना पाला ना दूध, त्यानंच हे झालं. माशाचं तेल पाजा.

सासूबाई कडाडल्या, "लिंगायताच्या घरात मासा आणतीस व्हय?" बाटली बाहेरच्या कोनाड्यात ठेवलीय. पाजते रोज. पण गुण कधी येणार?

"बांगड्या वाजल्या की तू कळतीस, अव्वा," लेक म्हणते.

बांगड्यांवरून नको गं. बघून पळत ये.

आज बांगड्या कोपरापर्यंत सारून तिच्यासमोर उभी राहिले. हसलेसुद्धा. भिंत चाचपत ती माझ्या शेजारून आत गेली आणि तिनं हाक मारली, "अव्वा, कुटं हाईस?"