पहिली भाकरी

तेजपूर, आसाम

नाना,
पाया पडतो.

फोनवर तुम्ही "बरंय" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितोय. मी ठणठणीत आहे. साइटवर थंडी लई, पण आईची गोधडी आहे.

गावात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही. मग आई सगळ्यांआधी पिठलं-भाकरी घेऊन जायची, पंच्याहत्तरीतही काठी टेकत. तुम्ही करवादायचात, "हिला सगळं गाव सोयरं!"

काल सुप्याहून रोहिणीताईचा फोन होता. आपल्या शेजारच्या बनुबाईंचे मालक वारले, तर भाकरी तुम्हीच थापून नेलीत. करपली होती म्हणे, तरी बनुबाईंनी खाल्ली.

आणि स्वतः मात्र आई गेल्यापासून चहा-बिस्किटावर भागवताय?

नाना, माणूस आपल्याही घरातलं गेलंय. एक भाकरी तुमच्यासाठीही थापा.

तुमचा,
अमृत