निन्जाची तलवार कुठल्या हातात

वापी. रविवार, १२ मार्च २०००

म्हणं उजव्या हातात. दादाला कायम आपलंच खरं करायचं असतं. न्हावऱ्याच्या जत्रंत निन्जाचा सिनेमा बघितला, तवापासनं हे भांडण हाय. तोंड बांधलेला तो निन्जा तलवार डाव्या हातानं चालवायचा, मी डोळ्यांनी बघितलंय.

आज दुपारी खोलीवरच्या पोरांनी व्हिडिओ भाड्यानं आणला. नेमका तोच सिनेमा. तलवार उजव्या हातात. सगळ्या मारामाऱ्यांत उजव्याच. मी टीव्हीला चिकटून बसलो तर रामशरण म्हणतो, "अंदर घुसेगा क्या?"

जेवताना ध्यानात आलं. जत्रंत पडदा मैदानाच्या मधोमध बांधायचे. दादा पुढं, बाप्यांत. मी सात वर्षांचा, आईबरोबर पडद्यामागं, बायकांत. मागनं सगळं उलटं दिसणार. म्हंजी मी खोटं बोललो न्हवतो. एकटाच हसत बसलो.

पैज होती, हरंल त्यानं यंदाच्या जत्रंतल्या सिनेमाचा खर्च द्यायचा. संध्याकाळी एसटीडीवरनं दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कारणं नको सांगूस, पैसं धाड."

धाडतो की. आईनं यंदा पुढं बसून बघावं, एवढंच लिहिणार हाय मनिऑर्डरीवर. उद्या पाठवायचे: साडेचारशे रुपये.