माळाला पडीक म्हणायचं नाही

कोकरेवस्ती, ता. शिरूर
१९ जून २०००

चि. सुषमा हिस,
गिताकाकीचे अ. उ. आ.

तू बरी असशीलच, खानावळीचं जेवण अंगी लागत नसेल एवढंच. आम्ही कोकणातून सुखरूप आलो. कासुर्डीपाशी सोलापूर रस्ता ओलांडताना ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून जीव नको केला. तुझे काका काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, तेव्हा कुठं मेंढरं पलीकडं गेली. एक कोकरू लंगडतंय, बाकी सगळं घरी पोचलं.

घरी आलो तर वेगळंच प्रकरण. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगीत नकाशा डकवलाय. नदी निळी, आनंदरावांची बागायत हिरवीगार आणि आपला माळ मातकट, वर अक्षरं ‘पडीक जमीन’. आनंदराव आता वनीकरण समितीचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले की पुण्याच्या कॉम्प्युटरनं काढलाय, त्यो काय खोटं बोलत न्हाई. पडीक हाय तर तारेचं कुंपण घालू आन् निलगिरी लावू. कुंपणाचं काम त्यांच्या पोराला, सत्यजीतला, हेही ठरलंय म्हणे.

पावसाळ्यात सगळी रानं पेरलेली. तेव्हा वस्तीची मेंढरं माळावर नाही तर काय माझ्या चुलीवर उभी करू? माळ गेला की मेंढरं गेली आणि मेंढरं गेली की आपण इथं कशाला, एवढी सरळ गोष्ट आहे.

तू अशाच नकाशाच्या ऑफिसात आहेस. हा रंग भरणारा शहाणा कोण, तेवढं शोधून काढ. त्याला इकडं पाठव. आधी भाकरी वाढीन, मग कान धरून माळ दाखवीन.

वस्तीला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
गिताकाकी


पुणे
२७ जून २०००

ती. काकीस,
सा. न. वि. वि.

तो शहाणा मीच आहे. आधी कान धर, मग पुढचं वाच.

आमच्याकडे कागद येतात त्यांवर गावकऱ्यांची नावं नसतात, नुसते गट नंबर असतात. नकाशा टेबलावर ताणून बसवायचा, हातातलं यंत्र एकेका रेघेवरून फिरवायचं आणि पाहणी करणाऱ्यानं जे लिहिलंय तो रंग भरायचा. दिवसाला अशी दोन गावं. आपल्या माळाला आपण कधी गट नंबरानं हाक मारली का? नदीचं वळण पाहून तरी ओळखायला हवं होतं. तुझं पत्र वाचून जुने कागद काढले, तर खाली माझंच नाव. त्या दिवशी जेवले नाही.

पाहणी जानेवारीत झालेली. तेव्हा तुम्ही सगळे कोकणात. फॉर्मवर लिहिलंय: घरे सोळा, कुलूपबंद सोळा, लोकसंख्या निरंक. माळावर पीक नाही, झाड नाही, जनावर नाही. आमच्या रंगांच्या यादीत अशा जागेला एकच नाव आहे, आणि ते मी भरलं.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले की गावकऱ्यांनी स्वतः माहिती गोळा करून नकाशावर दाखवली आणि सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला, तर तहसीलला हरकत घेता येते. मुदत ३१ ऑगस्ट. नुसतं चराई लिहून भागणार नाही, कारण चराईचा माळही त्यांच्या लेखी पडीकच. या जागेचा गावाला काय उपयोग, ते दिसलं पाहिजे.

काकी, मला शिव्या दे, पण अबोला धरू नकोस.
तुझीच,
सुषमा


कोकरेवस्ती
९ जुलै २०००

चि. सुषमा हिस आशीर्वाद.

अबोला धरायला मला वेळ कुठं आहे? तुझ्या नावानं दोन दिवस बोटं मोडली, तिसऱ्या दिवशी कामाला लागले.

तुझा तो निरंक धुरपदाआजीला वाचून दाखवला. ती अशी भडकली की विचारू नकोस. म्हणाली, मी तर दारातच बसले व्हते. त्या पोराला तांब्याभर ताक दिलं, त्यानं वर आनखी मागून घेतलं. ताक पिऊन गेला आणि माणूस नाही असं लिहिलं! तुझ्या साहेबांना हे जरूर सांग.

आता ऐक. मेंढरं किती, हे मी कुणाला दाखवणार नाही. किती आहेत कळलं की विका म्हणून सांगायला लोक तयारच. मेंढरं कुठं बसली ते दाखवणार. सुगी झाली की ज्याच्या त्याच्या रानात आपण मेंढरं बसवतो, लेंड्या-मुतानं रान तयार होतं आणि बदल्यात आपल्याला ज्वारी मिळते. हे गाव जाणतं, पण कुणी कधी लिहून ठेवलं नाही. पुरुषांना विचारलं तर पीक किती आलं तेच सांगतात. ज्वारी सुपात घालून द्यायला बाया पुढं येतात, त्यामुळं त्यांना सगळं पाठ आहे. रंभाला थोरल्या लेकीच्या बारशाचं साल आठवलं, सारजाबाईला विहिरीला पाणी लागलं ते. गेल्या दहा वर्षांचं मी घरोघर जाऊन विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर गाव काढलं आणि रानाला एकेक ठिपका दिला.

आनंदरावांच्या घरी मात्र दार लोटून घेतलं, त्यांच्या रानाचं शेजारणींना विचारून लिहिलं. परवा त्यांचा निरोप आला की वस्तीला चार घरकुलं देतो, हे ठिपके थांबवा. दोन घरं तर हो म्हणायच्या बेतात होती. मी सांगून पाठवलं की घरकुलात मेंढरं मावत न्हाईत, तवा तुमची घरकुलं तुमच्यापाशी ठेवा. कॅलेंडरं दौंडच्या एसटीनं भाऊजींकडे, तुझ्या आप्पांकडे, पाठवली आहेत, ती त्यांच्याकडून घे.

जिवाला जप आणि चुकलेली रेघ सुधार.
गिताकाकी


पुणे
३० जुलै २०००

ती. काकीस साष्टांग नमस्कार.

रविवारी दौंडला जाऊन कॅलेंडरं आणली. तुझे सगळे ठिपके मी नकाशावर चढवले. त्रेचाळीस रानं झाली. काकी, तू इथं असायला हवी होतीस! माळाच्या भोवतीनं, मेंढरं संध्याकाळी चालत जाऊ शकतील तेवढ्या अंतरात, नदीपर्यंत सगळे ठिपकेच ठिपके. ज्या बागायतीला मी हिरवा रंग भरला होता, तिच्यातल्या निम्म्याहून जास्त रानांत आपली मेंढरं बसलेली आहेत. तो हिरवा रंग माळावरच्या मेंढरांच्या खतातून आलेला आहे, हे पाहून मला इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरची मुलगी घाबरली.

साहेबांनी अर्धा तास पाहिलं. चांगलं काम आहे म्हणाले. मग दार लावून घेतलं आणि सांगितलं की नकाशा छापून गेलाय, संस्थेचाच माणूस संस्थेच्या नकाशावर बोट ठेवतोय हे वरच्यांना चालणार नाही. हे ठिपके पुसून टाक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस.

अजून पुसलेले नाहीत. पण भीती वाटते. आप्पांनी किती खटपट करून मला शिकवलं, तुला माहीत आहे. काय करू ते कळव.

मायेनं आठवण काढत जा.
सुषमा


रेल्वे कॉलनी, दौंड
५ ऑगस्ट २०००

चि. सुषमा हिस,
आप्पाचे आशीर्वाद.

तुझ्या काकीकडून सर्व समजले. तुझी आई काळजीत आहे. मी तीस वर्षे रेल्वेत काढली ती मान खाली घालून. साहेबाने सांगितले ते केले, म्हणून तू आज खुर्चीवर बसतेस. माळासाठी काकी भांडायला समर्थ आहे. तू नोकरी सांभाळ. ठिपके पुसायला सांगितले तर पूस, गाव कुठे जात नाही.

पंधरा तारखेच्या ग्रामसभेला मला काकीने बोलावले आहे. जाऊन तिला समजावतो.

आमच्यावर राग धरू नये.
तुझा,
आप्पा


कोकरेवस्ती
१६ ऑगस्ट २०००

चि. सुषमा हिस भरभरून आशीर्वाद.

काल झेंडावंदन झालं आणि तिथंच ग्रामसभा. बाया इतक्या आल्या की पुरुषांना उन्हात उभं राहावं लागलं. आनंदरावांनी नकाशा वाचला, पडीक पडीक असं चारदा म्हणाले. मी माझी वही घेऊन उठले आणि माझा आवाजच बसला. तेवढ्यात तुझ्या आप्पांनी माझ्या हातातून वही घेतली. मला समजवायला आलेला माणूस! स्टेशनवर गाडी पुकारावी तसे त्यांनी त्रेचाळीस रानांचे धनी आणि सालं मोठ्यानं वाचून दाखवली.

वाचून झाल्यावर झुंबरबाई उठल्या. आनंदरावांच्या आई त्या, तिथं कोण त्यांना बस म्हणणार? मला वाटलं आता आपलं वाटोळं. त्या म्हणाल्या की यादी चुकली हाय. आमच्या रानात मेंढरं तीनदा बसली, आन् तुम्ही दोनदाच लिवलं. मी स्वतः ज्वारी घातलीय.

मग मला आवाज फुटला. मी हात जोडले नाहीत. सरळ सांगितलं की कुंपणाला ज्याचा हात वर जाईल, त्याच्या रानात इथून पुढं कोकरेवस्तीचं एक मेंढरू बसणार न्हाई. आता घ्या मतं. सत्यजीतचा हात वर गेला, आणखी चारपाच जणांचे गेले, बाकी सगळे हात खाली. माळ वापरात आहे असा ठराव झाला. ठरावाची नक्कल सोबत आहे.

आता तुझं. भाऊजी जाताना म्हणाले की पोरीला काय लिहू ते सुचत नाही, तूच लिही. मी तुला पूस म्हणणार नाही आणि नोकरी सोड असंही म्हणणार नाही. तुझं पोट तुझ्या हातात आहे. पण तुला ताटातली भाकरी कमी पडली तर ती वस्तीवर आहे, हे ध्यानात ठेव.

तू जे करशील त्यात आमची माया धर.
गिताकाकी


शिरूर, एसटी स्टँड
२९ ऑगस्ट २०००

ती. काकीस,
सा. न. वि. वि.

तहसील कचेरीतून आत्ताच बाहेर पडले. इथवर येऊन वस्तीवर न येता परत चालले म्हणून रागावू नकोस. उद्या ऑफिसात जाऊन टेबल रिकामं करून द्यायचं आहे.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचे ठिपके त्यांनी दुसऱ्याकडून पुसून घेतले. पुसू देत. तुझी कॅलेंडरं माझ्या खोलीत होती. चार रात्री बसून मी सगळा नकाशा शाईनं हातानं काढला, त्रेचाळीस रानं आणि झुंबरबाईंची तिसरी खेपही घातली. सोमवारी साहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले की संस्थेची नोकर आणि वस्तीची तक्रारदार, दोन्ही होता येणार नाही, एक काय ते ठरव. ठरवायला मला फार वेळ लागला नाही. आप्पांना कालच फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं की शिरूरची गाडी किती वाजता आहे, सकाळी काहीतरी खाऊन निघ.

हरकत दाखल झाली. तिच्यावर गोल शिक्का बसला. सुनावणी कचेरीत नाही, माळावर जागेवर होणार आहे, २० सप्टेंबरला. तेव्हा तुम्ही सगळे घरी, मेंढरं घरी. येतील त्यांना ताक द्यायचं की नाही ते धुरपदाआजीनं ठरवावं.

अर्ज भरताना एक गंमत झाली. त्यात वर रकाना असतो, हरकत घेतलेला नकाशा कोणी तयार केला. तिथं लिहिलं, सुषमा ज्योतिबा कोकरे. खाली रकाना, हरकत घेणाऱ्याचं नाव. तिथंही लिहिलं, सुषमा ज्योतिबा कोकरे. क्लार्कनं चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की दोन्हीकडे एकच नाव कसं, चूक झाली का. मी म्हणाले, व्हय साहेब, वरची चूक हाय. खालचं बरोबर हाय.

सदैव तुमच्यातलीच,
सुषमा