उजव्या कडेची अवजारं

हफीजा,

फज्रची नमाज पढून निघतोय. रात्रभर क्षेपणास्त्रांच्या इशाऱ्याचे भोंगे वाजले, तुझी आणि आपल्या लेकीची, तस्नीमची झोप झालेली नाही, म्हणून उठवलं नाही. डोळ्यांच्या हॉस्पिटलात जातोय, दुपारपर्यंत येईन.

काल तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं. लढाईमुळे ऑफिस बंद झालं आणि मी कॉम्प्युटर घरी आणला. फोटो सुधारायच्या प्रोग्रामातली सगळी अवजारं तेव्हा मीच उजव्या कडेला ओढून ठेवली होती, मागचा पडदाही काळा केला होता. तू प्रोग्रामबरोबर आलेल्या पुस्तकातलं चित्र बघून अवजारं पुन्हा डावीकडे लावलीस, पडदा उजळ केलास. मला सोपं जावं म्हणूनच केलंस. मी मात्र "माझ्या कामाला हात लावू नकोस" म्हणालो आणि तू उठून ताट वाढायला गेलीस.

खरं सांगतो, गेल्या बकरीदेपासून मला डाव्या बाजूचं नीट दिसत नाही. उजळ पडद्यावर तर सगळं धुरकट होतं. ज्याच्या हाती माझा व्हिसा नि नोकरी, त्या कफीलला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून तुझ्यापाशीही बोललो नाही. तुम्हा दोघींना रत्नागिरीला पाठवायचा हट्ट धरला, तोही तुला हे कळू नये म्हणूनच.

लपवून लपवून थकलो आता. डॉक्टर जे म्हणतील ते सगळं तुला सांगेन.

खिडकीची टेप सुटलीय, तेवढी चिकटव. तस्नीमचा विषारी वायूसाठीचा मास्क तिच्या उशाशीच राहू दे. जेद्दाला, मुंबईच्या विमानापर्यंत नेणाऱ्या बसवाल्याचा माणूस नावं लिहायला आला, तर त्याला उद्या ये म्हणून सांग. जायचं की राहायचं, आणि कोणी कोणी, ते तू ठरव.

जमालुद्दीन