सतराव्या नोंदीचा रेचा

मी, अण्णाजी सीताराम भोयर, वय ७९, राहणार बोरगाव मेघे, वर्धा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेलं नसताना हे लिहून ठेवतो. साखरेची गोळी चालू आहे, तिचा बुद्धीशी संबंध नाही.

१. राहतं घर मुलगा धीरज याला. अंगणातल्या यंत्रामुळे गाडी लावता येत नाही म्हणून तो चार वर्षं माझ्याशी तोंडदेखलं बोलतो. यंत्राचं खाली लिहिलं आहे.

२. पान्यांची पेटी नात सुरभी हिला. घरातले नळ तीच दुरुस्त करते. धीरजला पाना उलटा धरता येतो, एवढंच.

३. हिंगणघाटच्या उद्योग संग्रहालयाची नोंदवहीही सुरभीला. मी जिनिंगमध्ये फिटर होतो. कारखाना बंद पडल्यावर कापसातून सरकी काढायचे एकतीस रेचे मीच जुन्या शाळेत मांडले आणि सव्वीस वर्षं सांभाळले. दर खंडेनवमीला रंग दिला, कुंकू लावलं. त्या रंगाखाली कंपनीच्या नावाची पट्टी आणि बनावटीचं साल बुजलं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वहीतही आम्ही घ्यायचो तीच नावं लिहिली. जिजाबाईचा रेचा, विमलाबाईचा रेचा. जी बाई चालवायची तिचा. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "यात इतिहास कुठे आहे?" सगळं भंगारात गेलं. ट्रकवरचा दोर मीच बांधला, नीट बांधला. मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

४. सतरावा, यशोदाबाईचा रेचा, मी ट्रकवाल्याकडून मागून घेऊन अंगणात ठेवला. त्या बायांपैकी तीच एक हयात आहे, म्हणून तो तिलाच द्यायचं योजलं होतं. परवा विचारायला गेलो. ती म्हणाली, "मले कायले देता, अण्णाजी? दरसाल त्याले कुंकू लावून राह्यले तुमी. मले एक डाव तरी इचारलं का?" मी चहा पिऊन परत आलो.

सबब हा रेचा धीरजने भंगारात द्यावा. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

ठिकाण : हिंगणघाट
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५
लिहून ठेवणार : अ. सी. भोयर (सही)

साक्षीदार :
१. ताराचंद हिरालाल चांडक, किराणा दुकानदार, बोरगाव मेघे (सही)
२. यशोदाबाई महादेव झाडे, हिंगणघाट. डाव्या हाताचा अंगठा घेतला आहे. उजवा १९८१ साली सतराव्या रेच्यात गेला. रेचा उलटा फिरवून हात मीच सोडवला आणि पुढच्या पाळीला यंत्र सुरू करून दिलं. संग्रहालयाच्या वहीत सतराव्या नोंदीपुढे मी लिहिलं आहे : स्थिती उत्तम, बिघाड नाही.