एकोणिसावा प्रश्न

प्रिय बारक्या,

चाळिशी गाठलीस तरी दुसऱ्या नावानं तुला हाक मारायला मला जमत नाही. हे पत्र वाचून तू चिडशील. चीड, पण शेवटपर्यंत वाच.

गेल्या महिन्यात तुझ्या वर्कशॉपमध्ये येऊन गेले. कटर मशीनवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर धूळ. तू कपाटाची फळी हातकरवतीनं कापत होतास. का, म्हणून विचारलं तर म्हणालास, व्यायाम होतो ताई, पोट बघ किती सुटलंय. पोट आहे कुठे तुला? कामाचं टेबल खिडकीखाली असायचं. ते तू हलवलंस. आता भिंत पाठीशी आणि दार समोर, आणि फळीवरच्या खुणेवर तुझीच सावली पडते. चांगला सुतार असं टेबल लावत नाही. चहा देताना तुझी बायको हळूच म्हणाली, पूर्वी जेवायला हाक मारावी लागायची नाही, वासावरच यायचे. आता तीन हाका लागतात. मग स्वतःलाच समजावत म्हणाली, पण ऑफिसातून पत्र आलंय ना, सगळं ठीक आहे म्हणून. ते पत्र माझ्याच ऑफिसातून गेलं होतं. मी मान खाली घालून चहा प्यायले.

माझं काम तुला ठाऊक आहे. राखीव दलातून लढाईवर जाऊन परत आलेल्या लोकांसाठी बारा आठवड्यांचा कार्यक्रम चालतो. त्याचा उपयोग होतो की नाही हे मी तपासते. माणूस घरी आल्यावर सहा महिन्यांनी त्याच्याकडून चोवीस प्रश्नांचा कागद भरून घेतात. ते प्रश्न माझे. तुला दलाचं बोलावणं येण्याच्या आधीचा रविवार आठवतो? माझ्या जेवणाच्या टेबलावर ते प्रश्न मी तुझ्यावर करून पाहिले होते, भाषा सोपी आहे ना हे बघायला. तू शहाण्या विद्यार्थ्यासारखा बसला होतास. आणि मी, कौतुकाची भुकेली, तुला आतली गंमत सांगितली. चोवीसांतले तीनच खरे, सातवा, बारावा आणि एकोणिसावा. त्यांत एकावर जरी ‘नेहमी’ अशी खूण आली तरी समुपदेशकाचा फोन जातो. बाकीचे एकवीस सोबतीला. तू म्हणालास, म्हणजे सुटायचं असेल तर तिघांना सांभाळायचं. आपण दोघं किती हसलो. मी वहीत लिहिलं, प्रश्न सहज समजतात.

त्या कागदांवर नाव नसतं, फक्त क्रमांक; कोणता क्रमांक कोणाचा ते दुसऱ्या विभागाकडे असतं. दोनशे बारा कागद आले. बहुतेक पेनानं भरलेले, घाईघाईच्या खुणा, एक पाय आखूड आणि एक लांब. एकच कागद पेन्सिलीचा होता. प्रत्येक खुणेच्या दोन्ही रेघा सारख्या, टोक खाली, चौकोनाच्या अगदी मध्यावर. तू फळीवर करतोस तशी. रेघेला जाडी असते ताई, टोकाला नसते, म्हणून माप टोकावर घ्यायचं, हे मला तूच शिकवलंस. सातव्याला ‘कधीच नाही’. बाराव्याला ‘कधीच नाही’. एकोणिसाव्याला ‘क्वचित’, सगळंच ‘कधीच नाही’ खोटं दिसू नये म्हणून असेल. पण त्या ओळीत ‘नेहमी’च्या चौकोनात खोडल्याची काळपट छटा होती. कागद उजेडात तिरपा धरला तर मध्यावर एक खड्डा दिसला. तुझी पेन्सिल दाबून चालते. एकोणिसावा प्रश्न मला पाठ आहे: परत तिथेच असतो तर बरं, असं वाटतं का?

आता मला लाज वाटते ते सांगते. तो कागद तीन आठवडे माझ्या खणात होता. मी कोणाला काही बोलले नाही. शंभरात चौऱ्याण्णव जण स्थिरावले असा आकडा आला होता, आणि त्यांत तू होतास हे मला आवडत होतं. परवा साहेबांनी सांगितलं की ज्यांच्या कागदावर काही निघालं नाही त्यांची यादी सोमवारी पुढे जाणार, पुन्हा बोलावण्यासाठी पात्र म्हणून. तुला हे ठाऊक होतं. कागद भरायच्या आधी सगळ्यांना सांगतात. मलाच हिशोब लागायला उशीर झाला.

कोणता कागद कोणाचा हे उघड करायची मला मनाई आहे, आणि ते मी केलेलं नाही. अहवालात एवढंच लिहिलं की प्रश्न तयार करणारीनं भरणाऱ्यांपैकी एकाला उत्तरं आधीच शिकवली होती. सबब हे कागद धरू नयेत, यादी थांबवावी, सगळ्यांना समोर बसून पुन्हा विचारावं. साहेब म्हणाले, मॅडम, एका माणसापायी दोनशे बारा? मी म्हटलं, एकच आहे हे कशावरून? बाकीच्यांनाही कोणाची ताई असेल. ते हसले नाहीत. माझ्याकडून काम काढून घेतलंय, पण यादी थांबली.

म्हणून हे पत्र. येत्या आठवड्यात तुझ्याकडे कोणीतरी येईल. हातात कागद नसेल. कोण येईल मला माहीत नाही, आणि मी येणार नाही. माझ्यासमोर तू मला बरं वाटेल तेच सांगतोस, लहानपणापासून. तुझी परत जायची वाट मी अडवली, असं तुला वाटेल; खरंच अडवली आहे. तिथे का बरं वाटतं हे मला सांगू नकोस हवं तर. त्या माणसाला सांग. टेबल का हलवलंस ते सांग, मशीन का झाकलंस ते सांग. मी शिकवलेली उत्तरं देऊ नकोस. आणि त्यानं एकोणिसावा प्रश्न विचारला, तर पेन्सिलीचं टोक पहिल्यांदा जिथे टेकलं होतं, तेच उत्तर दे.

तुझीच,
ताई